उजवा गाल

देऊळघाट,
ता. १२ जुलै १९३७

चि. अंबूले गोजरआत्याचा आशीर्वाद.

तुहं कारड भेटलं. शाळा बरी, तब्येत बरी, पाऊस बरा, सारं बरंच बरं लिहिलं. अन् खाली, जागा उरली म्हनून लिहिल्यासारखं, "माझ्या एका मैत्रिणीच्या चेहऱ्यावर तारुण्यपिटिका येतात, तरी काही उपाय असल्यास कळवावा." पोरी, भावाची लेक असली तरी तू माह्या हातची वाढलेली आहेस. डोणगावात तुले कोन मैतरीन आहे ते मले ठाऊक आहे. एकही नाही. मैतरीन तूच. अन् मुरमं म्हन ना सरळ. तूच मले अक्षरं शिकवली, अन् आता असे शब्द लिहितेस का मी वांग्याच्या वाफ्यात बसून चार डाव वाचावं.

आता खरं सांग. एकोणतीस वर्साची बाई तोंडाचा उपाय काऊन इचारते? आपल्या लोकाईत रांडावल्या बाईनं पाट लावू नये असं कोनी म्हनत नाही. कोन आहे तो? मास्तर आहे का शेतीवाला? दात तरी आहेत का त्याले?

मसुराची डाळ रातभर दुधात भिजवजो, वाटजो, चिमूटभर हळद टाकजो अन् तोंडाले लावजो. वाळलं का चोळून काढजो. अन् किसनरावच्या मोटरीत दर महिन्यासारखी तेलाची बाटली पाठवली आहे. करडीच्या तेलात माक्याचा रस टाकून मी सवता चार दिस कढवलं. टाळूवर जिरवजो, कानामागून मानेपर्यंत येऊ देजो. डोकं थंड तं तोंड थंड. या तेलानं कोनाचं वाईट झालं असं अख्ख्या देऊळघाटात कोनी म्हनणार नाही.

तुही गोजरआत्या


डोणगाव,
ता. २४ जुलै १९३७

ती. आत्यास अंबूचा नमस्कार.

मैत्रीण मीच. पकडलंस. पण पाटाचं डोक्यातून काढून टाक. दातवाला नाही आणि बोळकाही नाही, कोणीच नाही. मी आरशात बघते ती माझ्यासमोर रोज बावीस मुली बसतात म्हणून. त्या फळ्याकडे कमी आणि माझ्या गालाकडे जास्त पाहतात. परवा पहिलीतली एक उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमाले गोवर आला काय?" मी म्हटलं, "नाही, मुरमं आलीत." तर म्हणते, "मुरमं तं माह्या ताईले येतात. तुमी तं म्हाताऱ्या आहात." मी तिला बारापर्यंत पाढे म्हणायला लावले.

पंधराव्या वर्षी आली नाहीत ती आता आली. कपाळावर थोडी, हनुवटीवर थोडी, आणि उजव्या गालावर तर बाजार भरलाय. याच गावातून सोळाव्या वर्षी मी पांढऱ्या कपाळानं निघाले होते. तू मला उचलून नेलंस, बुलढाण्याच्या शाळेत घातलंस, ट्रेनिंगला पाठवलंस. आणि मुलींची शाळा निघाली तेव्हा याच गावाला त्यांचीच सून शिकलेली सापडली. बाई म्हणून परत येताना मी ठरवलं होतं, या गावासमोर आता मान खाली घालायची नाही. ती मुरमांसाठी तर मुळीच घालणार नाही. पण जायला हवीत.

लेप लावला, गार वाटला. तेल रोज लावते. केस कसे चिप्प बसतात. शाळा उत्तम चालली आहे.

तुझी अंबू


देऊळघाट,
ता. ११ ऑगस्ट १९३७

चि. अंबूले आशीर्वाद.

त्या पोरीचं नाव लिहून पाठव, तिले मी काकडी पाठवते. म्हाताऱ्या आहात म्हने. मी वाचून इतकी हासली का शेजारची विमलबाई आपला भाजीचा भारा टाकून पाहाले आली.

मुरमं जिद्दी दिसतात तं आपन त्याहून जिद्दी व्हावं. लेप आता दोन टाईम लाव. त्यात लिंबू पिळ. काढताना नारळाच्या शेंडीनं घासून काढ, मंग पाह्य कशी निघत नाही ते. आनखी दोन बाटल्या तेल पाठवून राह्यली, हात आखडू नोको.

अन् जाईपर्यंत पदर जरा पुढं ओढून राह्य. झाकली मूठ सव्वा लाखाची. सासरच्या गावात तशीही पदराबिगर कोठं चालते?

तुही गोजरआत्या


डोणगाव,
ता. १८ सप्टेंबर १९३७

ती. आत्यास नमस्कार.

महिनाभर पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. मी तुला खोटं लिहिलं होतं, आणि खोट्यावर दुसरं खोटं रचायला मला जमत नाही, म्हणून गप्प बसले.

शाळा उत्तम चाललेली नाही. मागच्या पत्राच्या वेळीही नव्हती, गावात कुजबुज तेव्हाच सुरू झाली होती. तुझ्या लिंबानं आणि नारळाच्या शेंडीनं माझा गाल सोलून निघाला. तीन दिवस भाकरी चावताना डोळ्यांत पाणी येत होतं. त्यावर नवीन मुरमं आली ती आधीच्यांपेक्षा मोठी. मग आशाबाई म्हणून एक आहे, रंगराव वाण्याची बायको, तिनं आपल्या दोन मुली काढून घेतल्या. पाणवठ्यावर म्हणाली, "एवढ्या वयात मुरमं कोठं येतात? बाईच्या तोंडावर रोग उतरला. म्हनूनच पदराखाली लपवते." बाकीच्यांना तेवढं पुरलं. बावीसच्या आज तेरा राहिल्या आहेत.

आता खरी गोष्ट. जानेवारीच्या वीस तारखेला तपासनीसबाई येणार आहेत. त्या दिवशी पटावर पंधरा मुली बसलेल्या दिसल्या नाहीत तर शाळा बंद करू, असं लेखी आलं आहे. बंद झालेली शाळा पुन्हा उघडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

म्हणून मागच्या रविवारी मेहकरला जाऊन दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर इंद्रभानजी म्हातारे आहेत, कमी बोलतात. भिंग लावून पाहिलं. म्हणाले, "मुरमं आहेत. मोठ्या वयातही येतात, त्यात नवल नाही. कोणाला लागत नाहीत. घासू नका, फोडू नका, साध्या पाण्यानं दोनदा धुवा." मग विचारलं, "तोंडाला तेल लावता?" मी म्हटलं, नाही. तोंडाला कोण तेल लावतं? रोग लागणारा नाही अशी चिठ्ठी मी त्यांच्याकडून मागून घेतली आणि पाणवठ्यावर मोठ्यानं वाचून दाखवली. आशाबाई म्हणाली, "वाचणारी तूच, त्यात काय लिहिलं ते आमाले काय ठाऊक." तिचंही खरं आहे. त्याच्यासाठीच तर शाळा हवी.

तेरा मुली घेऊन मी रोज शाळा भरवते. हार मानलेली नाही.

अंबू


देऊळघाट,
ता. २९ सप्टेंबर १९३७

चि. अंबूले आशीर्वाद.

गाल सोलून निघाला अन् तू मले महिन्यानं सांगते. इतकी का मी परकी झाली? शेंडी मीच सांगितली होती, मंग शिव्या मले द्याच्या होत्या.

दिवाळीची सुट्टी लागली का पयल्या मोटरीनं निघून येजो. त्या आशाबाईच्या तोंडाले लागू नोको. मी सवता तुहं तोंड पाहाते, मंग सांगते कोनाले रोग उतरला ते. दवाखान्याचं भिंग गेलं खड्ड्यात. माहे डोळे अजून चांगले आहेत.

गोजरआत्या


डोणगाव,
ता. २० नोव्हेंबर १९३७

ती. आत्यास साष्टांग नमस्कार. या वेळी खरोखरच घालावासा वाटतो.

आत्या, तू जिंकलीस. बावीस दिवस तुझ्याकडे राहिले आणि येताना चिखलीला मोटार थांबली तेव्हा खिडकीच्या काचेत मला माझा जुना गाल दिसला. डाग आहेत, पण मुरूम एक नाही. डोणगावला उतरताना सवयीनं पदर ओढला आणि मनात हसले, आता झाकायचं काय?

तुझा नवा लेप, तो नुसत्या मसुराचा, लिंबाशिवायचा, त्याचीच ही करामत. नाहीतर तिथं मी दुसरं केलं काय? मळ्यात हिंडले, मेथी खुडली, विमलबाईच्या ओट्यावर बसून गप्पा मारल्या. तू माझं डोकं दर तिसऱ्या दिवशी शिकेकाईनं धुवायचीस आणि म्हणायचीस, तेल संपलं, नवं कढवायचं आहे.

शाळेत सतरा मुली आल्या आहेत. आशाबाईच्या नाहीत, पण तिनं वाकून पाहिलं एवढं कळलं. लेपाची डाळ आणि तेलाच्या दोन बाटल्या पाठव. केस अगदी भुरभुरीत झालेत, शाळेत तशी जाववत नाही.

तुझी अंबू


देऊळघाट,
ता. २८ नोव्हेंबर १९३७

चि. अंबूले आशीर्वाद.

मी काय म्हनत होती? तुहं कारड मी विमलबाईले वाचून दाखवलं, तिनं गावात सांगितलं, आता रोज दोनचार बाया वाटी घेऊन दारात उभ्या राहातात. कोनाले मुरमं, कोनाले वांग, एकीले तं नवऱ्याचा सभाव बदलाचा आहे. तिले म्हटलं, त्याले लेप नाही, त्याले लाटनं लागते.

तेल ताजं कढवलं, तीन बाटल्या भरल्या. किसनरावले म्हटलं, मांडीवर ठेवून ने.

तुहं काळ्या काठाचं लुगडं अठीच राह्यलं. धुऊन ठेवते.

तुही गोजरआत्या


डोणगाव,
ता. २० डिसेंबर १९३७

ती. आत्यास नमस्कार.

पुन्हा आली. पहिल्यापेक्षा जास्त, आणि पुन्हा उजव्या गालावरच. डावा गाल तुझ्या वांग्यासारखा गुळगुळीत आहे. लेप रोज लावते, घासत नाही, तोंडाला हात लावत नाही, तिखट सोडलं, गूळ सोडला. तरी आली. आजचा पट अकरा.

मी रडले नाही, पण मला फार राग येतो आहे, आणि कोणावर काढावा ते कळत नाही. माझा दिवस कसा जातो ते सांगते, तूच बघ काही सापडतं का. शाळा मारुतीच्या देवळाच्या मंडपात भरते. उजव्या हाताला चावडी. तिथं माझे चुलत सासरे हिंमतराव आणि चार म्हातारे सकाळपासून बसलेले असतात. हिंमतराव शाळेच्या कमिटीचे मुख्य आहेत. माणूस वाईट नाही, शाळा त्यांनीच भांडून आणली. पण मी या गावची सून, आणि सगळे सासऱ्याच्या जागचे. म्हणून उजव्या गालावरून पदर ओढायचा आणि काठ दातात धरायचा, कारण एका हातात खडू, दुसऱ्या हातात पुस्तक. दहापासून पाचपर्यंत. मुलींना वाटतं बाई दात आवळून शिकवतात म्हणजे रागावल्यात. कविता शिकवतानाही.

महिना राहिला. शाळा गेली तर मी देऊळघाटला येईन आणि तुझ्याबरोबर वांगी तोडीन, त्यात मला कमीपणा नाही. पण या अकराजणी कुठं जातील? त्यातली एक आता जोडाक्षरं वाचते. ती चुलीजवळ बसून सगळं विसरून जाईल.

अंबू


देऊळघाट,
ता. २८ डिसेंबर १९३७

चि. अंबूले आशीर्वाद.

हे कारडात मावनार नाही म्हनून लिफाफा घेतला.

तुहं पत्र आलं त्या दिशी मी तुहं राह्यलेलं लुगडं धुवाले घेतलं. धुते म्हटलं अन् महिनाभर तसंच पडलं होतं. बाकी सारं एका पान्यात निघालं. पदराचा काठ निघेना. बोटानं चोळून पाह्यलं तं चिकट, कडक, चाटूले लागल्या कढीवानी. रिठा लावला, निघेना. राख लावली, निघेना. मंग नाकाजवळ नेलं. माका अन् करडी. माहं तेल.

मी दगडावर तशीच बसली. तुहं पत्र काढलं, दुसऱ्या डाव वाचलं. उजवा गाल. उजव्या गालावरून पदर. डोक्यावर माहं तेल, ते पदरात जिरते, तोच पदर दिसभर गालावर घासते, दातातल्या थुंकीनं ओला. नवसासारखं रोज. डाक्टरनं तोंडाले तेल लावता का इचारलं, तू नाही म्हटलं. खोटं नाही बोलली. तोंडाले तं पदरच लावत होता.

अन् दिवाळीत? तेल संपलं होतं, अन् अठी तू माहेरवाशीन. माहेरात कोन पदर ओढते? उघड्या तोंडानं मळ्यात हिंडली. त्यानं गेली मुरमं. लेपानं नाही. मी गावभर वाट्या भरून राह्यली अन् मिशा असत्या तं पिळल्या असत्या.

पोरी, मले वाईट वाटते. लय वाईट वाटते. दर महिन्याले मी तुले मायेनं पाठवत होती अन् तेच तुह्या तोंडाले खात होतं. झाकली मूठ म्हननारीही मीच. गणपती कराले गेली अन्... जाऊ दे, म्हनी सांगाचं माहं तोंड राह्यलं नाही.

तेल आजपासून बंद. उरलेल्या बाटल्या देवळात समईले देऊन टाक, देवाले मुरमं येत नाहीत. डोकं धू, लुगडे उकळून घे. ते माह्या हातातलं होतं. पन पदर माह्या हातात नाही. सासरच्या गावात सून तोंड उघडं कसं टाकन, ते मले सांगता येत नाही. तुले मी शिकवलं तेवढ्यासाठीच, का मले जे येत नाही ते तुले यावं.

गोजरआत्या


डोणगाव,
ता. ८ जानेवारी १९३८

ती. आत्यास नमस्कार.

तुझ्या पत्राला मी कपाळाला लावलं. आत्या, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं तेल चांगलंच आहे, ते डोक्यासाठी होतं, पदरानं त्याला गालावर नेलं. तुझ्या तेलाला सासुरवास झाला एवढंच.

तेल बंद केलं, लुगडी उकळली. आठ दिवसांत निम्मी मुरमं बसली. पण पदराचा काठ घासतोच, आणि दातात धरलेला ओला राहतोच. शिवाय मला दुसरीच एक गोष्ट कळली. या गावातल्या एकाही बाईनं माझं तोंड पुरतं पाहिलेलं नाही. पदराखाली काय आहे ते प्रत्येकीनं आपापल्या मनानं भरून घेतलं. आशाबाईचा दोष मी उगाच मोजत होते.

म्हणून काल मी हिंमतरावांच्या घरी गेले. अन्नपूर्णाबाई, माझ्या चुलत सासूबाई, शेंगा फोडत होत्या. हिंमतराव मामाजी ओसरीवर. मी दाराआड न जाता समोर उभी राहिले आणि पदरातूनच बोलले.

"मामाजी, वीस तारखेला शाळा बंद होणार. ती वाचवायची तर मला पदर मागं घ्यावा लागेल. शाळेपुरता. डोक्यावर राहील, तोंडावर नाही."

ते म्हणाले, "सूनबाई, चार म्हाताऱ्यासमोर?"

"सून म्हणून नाही जमत, मला कळतं. मग दुसरी बाई आणा, या गावची लेक असलेली. लेकीला कोणी पदर ओढायला सांगत नाही."

"लेकीत शिकलेली कोन आहे?"

"कोणी नाही. त्यांच्यासाठी शाळा नव्हती."

आतून अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "मी सांगू का? सूनबाईले या घरात येऊन चौदा वर्सं झाली. माप ओलांडलं तेव्हा मी तिचं तोंड पाह्यलं होतं, पंधरा वर्साचं. त्याच्यानंतर मलेही ठाऊक नाही ते कसं आहे."

मामाजी उठले, पागोटं घातलं आणि म्हणाले, "इचार करतो." आणि मळ्यात गेले. अजून विचारच चालू आहे. मी मात्र मागितलेलं परत घेणार नाही.

अंबू


देऊळघाट,
ता. १२ जानेवारी १९३८

चि. अंबूले आशीर्वाद.

बस झालं. याच्या म्होरं तुले सांगाले माह्याजवळ काही नाही. दारातल्या वाट्या मी वापस पाठवल्या. खरं सांगितलं का लेपात दम नाही, नुसत्या पान्यानं तोंड धुवा, अन् तेलकट पदर बदला. बाया नाराज झाल्या. फुकटचं पानी कोनाले औषध वाटत नाही.

या डाव किसनरावजवळ बाटली नाही, तिळाचे लाडू आहेत. त्या अकरा पोरीईले वाट. बारावा त्या आशाबाईले.

गोजरआत्या


डोणगाव,
ता. २५ जानेवारी १९३८

ती. आत्यास अंबूचा नमस्कार.

लाडू बरोबर संक्रांतीला पोचले. बारावा मी आशाबाईच्या हातात नेऊन दिला. तिनं घेतला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली होती. चावडीवर चौघं म्हातारे होते, मामाजी नव्हते. पाणवठ्यावर बायांची गर्दी. मी नेहमीसारखी पदर दातात धरून फळ्यावर बेरीज लिहीत होते. तेवढ्यात मामाजी आले. चावडीवर न बसता मंडपात शिरले आणि मुलींच्या शेजारी, खाली सतरंजीवर बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. आणि पाणवठ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अंबू, पानी दे माय."

आत्या, या घरात मला कोणी नावानं हाक मारलेली नाही. सूनबाई, नाहीतर बाई. मी माठातून पाणी घेतलं. जवळ जाताना हात आपोआप पदराकडे गेला. ते म्हणाले, "राहू दे. बापाले पानी देताना कोन झाकते?"

मी पदर मागं टाकला. तांब्या हातात दिला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, सरळ, भिंगासारखं, आणि पाणी प्याले. मग चावडीकडे वळून म्हणाले, "पाहून घ्या. पाचसहा मुरमं आहेत. माह्या पाठीवर याच्याहून जास्त आहेत." म्हातारे आधी दुसरीकडे बघत राहिले. मग त्यातले कडूबा म्हणाले, "मलेही दे पोरी, उन्ह लय आहे." जानेवारीत ऊन कुठलं? पण मी चौघांनाही पाणी दिलं, उघड्या तोंडानं. शेवटच्या तांब्याला माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. लपवायला काही हातात नव्हतंच.

पाणवठ्यावरच्या बाया घागरी तिथंच ठेवून मंडपाच्या पायरीपर्यंत आल्या. आशाबाई पुढं. तिनं मला या गालापासून त्या गालापर्यंत नीट पाहिलं आणि म्हणाली, "इतकुसंच? मले वाटलं काय असंन अन् काय नाही." तिच्या दोन्ही मुली सोमवारी पाट्या घेऊन हजर.

वीस तारखेला पट एकोणीस. तपासनीसबाईंनी जोडाक्षरं वाचून घेतली, पाढे म्हणवून घेतले, शेरा चांगला दिला. शाळा राहिली, आत्या. जाताना त्या टांग्याजवळ थांबल्या, मुलींना लांब पाठवलं आणि हळूच मला विचारलं, "तुमच्या गालावर डाग दिसतात, म्हणजे तुम्हालाही होती. काय लावलंत?" मी तेव्हा पाहिलं, त्यांच्या हनुवटीवर तीन होती, पावडरखाली. मी म्हटलं, "काही नाही. लावायचं बंद केलं."

तीनचार मुरमं मला अजून आहेत. येतील, जातील. रोज सकाळ-संध्याकाळ साध्या पाण्यानं तोंड धुते आणि कामाला लागते. कविता आता तोंड उघडून शिकवते, मुलींना ती पहिल्यांदाच नीट ऐकू येते आहे.

आणि एक विचारायचं राहिलं. काल अन्नपूर्णाबाई घरी आल्या. लुगडं-चोळी घेऊन, लेकीला देतात तसं. म्हणाल्या, दिवाळीला तू माहेरी जातेस ते जा, पण भाऊबीजेपर्यंत परत ये, इथंही आता तुला ओवाळायला भाऊ आहेत. मी हो म्हटलं आहे. तुला चालेल ना?

तुझी, आणि आता डोणगावचीही लेक,
अंबू